हुकूम खंयचो? टॅरोच्या पत्त्यांमागचं गूढ कोष्टक

गणपतीतली तिसरी रात्र. आरत्या, भजन, उसळपाव सगळं आटोपलं होतं आणि पडवीत ३०४ चा डाव रंगात आला होता. मुंबईहून आलेली भाची कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसली होती. मधेच तिने पिशवीतून एक जाडजूड कॅट काढला, पिसला आणि आबाकाकांपुढे पंख्यासारखा धरला. "आजोबा, एक काढा." आबांनी काढला. चष्मा कपाळावर सारून पत्ता उलटसुलट पाहिला, बाजूच्या दोनचार पत्त्यांतही डोकावले आणि विचारलं, "गो, ह्यात हुकूम खंयचो?"

आम्ही सगळे हसलो. टॅरो म्हणजे भविष्य सांगायचे पत्ते, त्यात कसला आलाय हुकूम! पुढे चार पुस्तकं चाळल्यावर कळलं की त्या रात्री पडवीत सगळ्यात मुद्द्याचं बोलले ते आबाच.

भाचीचं दुःख वेगळंच होतं. रील पाहता पाहता तिने एका बाईंकडून अकराशे रुपये देऊन ऑनलाइन वाचन करून घेतलं होतं. उत्तरादाखल आवाजी निरोप आला: "तुमचा नाइन ऑफ सोर्ड्स आलाय. हा मिथुनेतला मंगळ, येसोदच्या स्थानी. पण दोन्ही बाजूंना पेंटॅकल्स आहेत, म्हणून जोर कमी." तिला यातलं काही कळलं नव्हतं, तरी ऐकून ती रडली होती. हा लेख त्या एका निरोपाचा उलगडा आहे.

आधी नुसते पत्ते बघू

टॅरोच्या कॅटात ७८ पत्ते असतात. त्यातले ५६ आपल्या ओळखीचे. चार रंग, प्रत्येकात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा आणि वर चार दरबारी मंडळी: राजा, राणी, घोडेस्वार आणि गुलाम. आपल्या इस्पिक, बदाम, चौकट, किलवरच्या जागी तलवारी, पेले, नाणी आणि दंड आहेत, एवढाच फरक. आजचे वाचक नाण्यांना पेंटॅकल्स म्हणतात.

उरलेले २२ पत्ते चित्रांचे. जादूगार, सम्राज्ञी, संन्यासी, भाग्यचक्र, मृत्यू, कोसळणारा मनोरा, तारा, चंद्र, सूर्य असे २१ क्रमांकाने लागतात आणि बाविसावा असतो बिनक्रमांकाचा किंवा शून्याचा वेडा. हे २२ म्हणजेच हुकूम. आपण दर डावाला हुकूम ठरवतो, इथे तो कॅटातच छापून येतो. इटलीच्या उत्तर भागात, मिलान, फेरारा, फ्लोरेन्स या शहरांत १४४० च्या सुमारास हा खेळ सुरू झाला. सरदारांच्या घरी सोन्याचा वर्ख लावलेले कॅट रंगवले जात. हातात रंग नसला की हुकमाने मारायचं, मोठा हुकूम लहान हुकमाला खाणार. फ्रान्समध्ये हा खेळ लोक आजही खेळतात.

हे चार रंगही इटलीचे नव्हेत. इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातले पत्ते इस्तंबूलच्या तोपकापी वाड्यात जपलेले आहेत. त्यांवर तलवारी, पेले, नाणी आणि पोलो खेळायच्या काठ्या आहेत. युरोपात पोलो कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून काठीचा दंड झाला. त्यातल्या एका पत्त्यावर 'कंजिफा' हा शब्द लिहिलेला आहे. सावंतवाडीच्या माणसाने इथे कान टवकारावेत. आपल्या गंजिफ्याचं नाव त्याच गोतावळ्यातलं.

मग गूढ कुठून आलं?

जवळजवळ साडेतीनशे वर्षं या पत्त्यांकडे लोक खेळ म्हणूनच पाहत होते. १७८१ साली पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेबलाँ नावाच्या विद्वानाने आपल्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात लिहिलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं ज्ञान, थोथ देवाचा ग्रंथच. त्याने हा खेळ एका बाईंच्या घरी पाहिला होता. पॅरिसात तो तेव्हा फारसा खेळला जात नव्हता, त्यामुळे चित्रं त्याला अनोळखी आणि म्हणून गहन वाटली. आबांनी गूढ पत्ते पाहिले आणि हुकूम विचारला. या गृहस्थांनी हुकूम पाहिले आणि त्यांत गूढ शोधलं.

गंमत म्हणजे इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोलिओंने ती उलगडली १८२२ मध्ये, आणि पुढे वाचल्या गेलेल्या त्या लेखांत टॅरोचा मागमूसही सापडला नाही. पत्त्यांचे रंग इजिप्तवरून आले हे खरं, पण ते सुलतानांच्या करमणुकीतून, देवळाच्या गाभाऱ्यातून नव्हे.

याच खंडात आणखी एका लेखकाने २२ हुकूम आणि हिब्रू वर्णमालेची २२ अक्षरं यांची सांगड घातली. मग एतेला आला. मूळ आडनाव आलिएत, तेच उलटं वाचून त्याने धंद्याचं नाव केलं. भविष्य सांगण्यासाठीच म्हणून टॅरोचा कॅट पहिल्यांदा छापला तो यानेच. १८५० च्या दशकात एलिफास लेव्हीने २२ अक्षरांची कल्पना उचलून तिला पूर्ण तत्त्वज्ञानाचं रूप दिलं. हा मूळचा कॅथलिक, धर्मगुरू व्हायला निघालेला. नाव मात्र हिब्रू वळणाचं घेतलं.

हिब्रू अक्षरं कोकणाला परकी नाहीत. अलिबागच्या इस्रायल आळीत सिनेगॉग आहे, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, म्हणजे बेने इस्रायली, किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत राहिले. त्यांच्यापैकी कुणाला टॅरोबद्दल विचाराल तर तेही बुचकळ्यात पडतील. कबाला, म्हणजे ज्यूंची गूढविद्या, टॅरोहून जुनी आहे आणि तिला पत्त्यांची गरज कधी पडली नाही. सांगड घातली ती फ्रेंच माणसांनी.

सावंतवाडीत बसून असाच एक पंथ काढून दाखवतो

आकडे जुळले की माणूस किती पटकन हरखतो हे समजायला आपल्याच गंजिफ्यावर प्रयोग करू.

सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही हाताने रंगवला जाणारा दशावतारी गंजिफा घ्या. गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा मिळून बारा पत्ते. एकूण १२०. आता पत्रिका उघडा. विंशोत्तरी महादशेची एकूण वर्षं किती? १२०! रंगातले पत्ते बारा, राशीही बारा! खेळाचा नियम बघा: दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री मांडला तर कृष्णाचा. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी. म्हणजे सूर्यनाडी आणि चंद्रनाडी! काही रंगांत दश्शी मोठी, काही रंगांत एक्का मोठा, म्हणजे प्रवृत्ती आणि निवृत्ती!

लिहिता लिहिता माझ्याच अंगावर काटा आला. पण हे सगळं मी चहा निवेपर्यंत जुळवलेलं आहे. १२० हा आकडा दहा गुणिले बारा केल्यावर येणारच. सूर्य-चंद्राचा संकेत कुणा रसिकाने मुद्दाम ठेवला असेलही, पण महादशेशी त्याचा काडीचा संबंध नाही. लेव्हीने आणि त्याच्या मागून आलेल्यांनी केलं ते याच जातीचं काम. फक्त त्यांनी ते चहा निवेपर्यंत नाही, आयुष्यभर केलं, आणि फार देखणं केलं.

गोल्डन डॉन आणि मोठं कोष्टक

१८८८ साली लंडनमध्ये 'गोल्डन डॉन' नावाचा गुप्त संघ निघाला. टागोरांचा स्नेही आयरिश कवी येट्स त्याचा सभासद होता. आज गूढपंथी वाचन म्हणतात त्याचा बहुतेक पाया या संघाने घातला. गूढपंथी म्हणजे चित्राकडे पाहून सुचेल ते बोलणारे नव्हेत. प्रत्येक पत्त्याला अक्षर, ग्रह, रास आणि तत्त्व नेमून दिलेलं असतं, आणि वाचक त्या नेमणुकीवरून अर्थ काढतो. या नेमणुकांना मी पुढे 'कोष्टक' म्हणणार आहे.

कोष्टक असं बसतं. हिब्रूच्या २२ अक्षरांचे एका जुन्या ग्रंथात तीन गट आहेत: तीन, सात आणि बारा. तीन अक्षरं वायू, जल आणि अग्नी या तत्त्वांची, सात अक्षरं सात ग्रहांची, बारा अक्षरं बारा राशींची. बेरीज २२. अक्षरांमागून ओळीने हुकूम लावत जायचे. वेड्याला वायू, जादूगाराला बुध, सम्राटाला मेष, असं करत एकविसाव्या पत्त्याला शनी.

फार छान चाललं होतं, पण आठव्या पत्त्यावर घोडं अडलं. तिथे अक्षर सिंह राशीचं आणि पत्ता तराजू हातात घेतलेल्या न्यायदेवतेचा. अकराव्यावर अक्षर तुळेचं आणि पत्ता सिंहाचा जबडा धरलेल्या शक्तीचा! संघाने काय केलं? दोन पत्त्यांची अदलाबदल केली. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कॅटांत शक्ती आठवी आणि न्याय अकरावा आहे तो यामुळे. कुणी याला चलाखी म्हणेल. मला उलट हे फार प्रामाणिक वाटतं, कारण इथे सुताराने मारलेला रंधा उघड दिसतो.

आता लहान पत्ते. यासाठी मराठी वाचकाला वेगळा अभ्यास नको. ज्योतिषात प्रत्येक राशीचे दहा दहा अंशांचे तीन भाग करतात, त्यांना द्रेष्काण म्हणतात. बारा राशींचे ३६ द्रेष्काण. चार रंगांतले दुर्रीपासून दश्शीपर्यंतचे पत्ते मोजा: नऊ चोक छत्तीस. प्रत्येक पत्त्याला एक द्रेष्काण. आणि द्रेष्काणाचा ग्रह? तिथे त्यांनी होऱ्यांचा क्रम घेतला: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. पंचांगात होरे याच क्रमाने फिरतात, आणि शनिवारनंतर रविवार का येतो याचं उत्तरही याच क्रमात आहे. मेषेच्या पहिल्या द्रेष्काणाला मंगळ धरून हा क्रम फिरवत नेला की मिथुनेच्या तीन भागांना गुरू, मंगळ आणि रवी येतात. मिथुन वायुराशी, वायूचा रंग तलवारी, तिचे पत्ते अठ्ठी, नश्शी आणि दश्शी. मधला, म्हणजे तलवारीची नश्शी, झाला मिथुनेतला मंगळ.

भाचीच्या निरोपाचं निम्मं कोडं इथे सुटलं.

निरोपाचं उरलेलं निम्मं

कबालात विश्वाचा पसारा दहा स्थानांच्या जीवनवृक्षाने दाखवतात. ती दहा स्थानं एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या आकड्यांना जोडली. नववं स्थान येसोद, म्हणजे पाया, आणि ते चंद्राचं. चंद्र म्हटलं की मन आणि स्वप्न, हे आपल्याकडेही तेच.

आता घटक एकत्र करा. तलवार म्हणजे वायू, म्हणजे विचार. नऊ म्हणजे चंद्राचं स्थान, मन. मिथुन बोलकी, दुमुखी रास आणि तिच्यात मंगळ, म्हणजे धार. अर्थ निघतो: विचारांची तलवार स्वतःच्याच मनावर चाललेली, रात्रीची झोप उडालेली. चित्रातही तेच आहे. एक व्यक्ती अंथरुणात उठून बसली आहे, चेहरा ओंजळीत, मागे काळोखात नऊ तलवारी आडव्या. हे चित्र १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या कॅटातलं. आर्थर एडवर्ड वेटने आखणी केली, चित्रं पामेला कोलमन स्मिथने काढली. त्याआधी बहुतेक कॅटांत नश्शीवर नुसत्या नऊ तलवारी असत, जशा आपल्या बदाम नश्शीवर नऊ बदाम. साऱ्या लहान पत्त्यांना प्रसंग देणं ही या बाईची करामत. तिला मोबदला फार थोडा मिळाला आणि १९५१ मध्ये ती कर्जात वारली. जगभरच्या रीलमधून आज तिचीच चित्रं फिरत असतात.

राहिले "बाजूचे पेंटॅकल्स". संघाची वाचनाची रीत शेजाऱ्यांवरून चाले. अग्नी आणि जल एकमेकांचे वैरी, वायू आणि पृथ्वी वैरी, बाकी जमवून घेतात, सारखे तत्त्व शेजारी आलं तर जोर दुप्पट. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ पडलं की घरभर वास सुटतो. तेच सोलकढीत पडलं तर दोन्ही वाया. तलवार वायूची, नाणी पृथ्वीची, म्हणून दोन्ही बाजूंना नाणी आली की नश्शीची धार बोथट. उलटा पत्ता पडला की उलटा अर्थ, ही रीत आजच्या वाचकांत सर्रास आहे, पण ती एतेलाकडून आली. संघाचा भर शेजाऱ्यांवर होता.

म्हणजे बाईंनी भाचीला फसवलं असं निदान या बाबतीत म्हणता येत नाही. त्यांनी कोष्टक नीट वाचलं होतं. फक्त ते कोष्टक आहे हे सांगितलं नाही.

कोष्टक पक्कं असेल तर सगळ्यांचं उत्तर एक यायला हवं ना?

यायला हवं, पण येत नाही. लेव्हीने पहिलं अक्षर जादूगाराला दिलं आणि वेड्याला विसाव्या आणि एकविसाव्या पत्त्याच्या मधे बसवलं. गोल्डन डॉनने वेडा सुरुवातीला आणला. त्यामुळे जवळजवळ सगळी अक्षरं एकेक घर सरकली. फ्रेंच परंपरेतला वाचक आणि इंग्रजी परंपरेतला वाचक एकाच पत्त्याला वेगळं अक्षर देतात, आणि दोघेही ते सनातन मानतात. पुढे अ‍ॅलिस्टर क्रोली या इंग्रज गूढपंथीने आणखी फेरफार केले. त्याच्या कॅटाची चित्रं लेडी फ्रीडा हॅरिसने १९३८ ते १९४३ मध्ये काढली. ही बाई उतारवयात भारतात आली आणि १९६२ मध्ये श्रीनगरला वारली, पण ते जाता जाता.

आपल्याकडे आणखी एक भानगड होते. पाश्चात्त्य पद्धतीची रास सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली, आपल्या पंचांगाची निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेली. दोहोंत सुमारे २४ अंशांचं अंतर. त्यांच्या मिथुनेचा मधला द्रेष्काण आपल्या हिशेबाने वृषभेत येतो! शिवाय आपण 'माझी रास' म्हणतो ती चंद्राची, ते म्हणतात ती सूर्याची. त्यामुळे "तुमची रास मिथुन आणि पत्ताही मिथुनेचा, बघा कसं जुळलं" असं कुणी म्हणालं तर कुठली मिथुन, एवढंच विचारावं.

"पण मला तर अगदी तंतोतंत सांगितलं होतं"

भाची हेच म्हणाली. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली, प्रत्येकाला 'तुमचा' म्हणून निष्कर्ष दिला आणि तो किती जुळतो याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता, बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. "तुमचं बाहेरून दिसणारं मन शांत, आत मात्र काळजी" हे वाक्य पडवीतल्या कुणालाही लागू पडलं असतं, अगदी डाव हरणाऱ्या माझ्या भावालाही.

पण मला हे उत्तर अपुरं वाटतं, कारण त्याने भाची का रडली ते कळत नाही. त्यासाठी दशावतार आठवा. नाटकाला लिहिलेली संहिता नसते. पेटाऱ्यातून राजा, राणी, ऋषी, राक्षस निघतात, आख्यान ठरलेलं असतं आणि संवाद मात्र नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. समोरची माणसं बघून तो एखादा शब्द गावाकडे वळवतो आणि मंडपात कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी येतं. पत्ते ही पेटाऱ्यातली पात्रं, मांडणी हे आख्यान. वाचक संवाद रचतो आणि ऐकणारा आपलं घर त्यात पाहतो. भाचीची नोकरी जाण्याच्या बेतात होती. हे तिने त्या बाईंना सांगितलं नव्हतं. आम्हालाही नव्हतं सांगितलं. अंथरुणात उठून बसलेल्या बाईचं चित्र पाहिल्यावर तिने ते स्वतःशी कबूल केलं. याला भविष्य कळणं म्हणत नाहीत. पण काहीच घडलं नाही असंही मी म्हणणार नाही.

"मग देवाच्या कौलाला काय म्हणाल?"

हा प्रश्न इकडे येणारच. देवळात पाषाणावर तांदूळ किंवा पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात, उजवी पडली की होकार. त्यावर श्रद्धा ठेवावी का, हा ज्याचा त्याचा भाग. रचना मात्र अगदी निराळी आहे. कौलाला प्रश्न हो-नाहीचा लागतो आणि तो गावासमोर विचारला जातो. पाकळी कुठल्या बाजूची पडली यावर वाद होत नाही. टॅरोत उत्तर दोघांच्या मधल्या बोलण्यात तयार होतं, साक्षीदार कुणी नसतो. त्यामुळे "टॅरो म्हणजे इंग्रजांचा कौल" हे ऐकायला झकास असलं तरी बरोबर नाही.

आणि भीतीचं म्हणाल तर तेरावा पत्ता मृत्यूचा आहे, तो निघाला म्हणून कुणी मरत नाही. खुद्द गूढपंथीही त्याचा अर्थ एक पर्व संपणं असा लावतात. पत्ता दाखवून "शांती करा, नाहीतर" असं कुणी म्हणू लागलं तर तिथे कोष्टक संपलं आणि वसुली सुरू झाली असं समजावं. ज्योतिषाचा नुसता सल्ला आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलेला नाही. चमत्काराचा दावा करून फसवणं आणि दहशत घालणं मात्र ठरवलं आहे.

चौथ्या रात्री आबांनी तोच कॅट मागून घेतला. मी नियम वाचून दाखवले: तिघं खेळाडू, प्रत्येकी २६ पत्ते, रंग नसेल तर हुकूम, वेडा टाकला की त्या हाताची सुटका. भाचीने पेल्याच्या राजावर तेरावा मृत्यू आपटला आणि हात ओढायला पुढे सरसावली. आबांनी सावकाश सतरावा पत्ता त्यावर ठेवला.

"चांदणीन मरान खाल्ल्यान," ते म्हणाले. "वाट गो परत."